मोटार चालू होती

१

“ताई, एक सांगून ठिवतो. ह्या मोटारीचा भरवसा धरू नगा.”

जालिंदर आप्पा हे म्हणाले तेव्हा हर्षदाचं अर्धं लक्ष घसरगुंडीवर होतं. समृद्धी, तिची चार वर्षांची लेक, घसरगुंडीवर उलट्या बाजूनं चढत होती. हर्षदाच्या मनात ती केव्हाच पडून, टाके घालून, दवाखान्यातून घरीसुद्धा आलेली होती. हर्षदाचं मन नेहमी असंच पुढं पळायचं. कुलूप लावल्यावर ते परत उघडून ती गॅस बंद आहे ना ते बघायची. नवरा म्हणायचा, “बी.एस्सी. कशाला केलंस? सिक्युरिटीत चिकटली असतीस.”

वडगाव रासाईच्या पुढं, भीमेच्या वळणावर, एका वाडीनं ही बाग केली होती. चिंचेखाली डबा खायला सिमेंटची टेबलं, पोरांना घसरगुंडी, आणि खाली थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. कारेगावच्या भाड्याच्या खोल्यांत आठवडाभर कोंडलेली माणसं रविवारी इथं येऊन पाय पसरायची. हर्षदाचं माहेर नदीपलीकडं, दौंड तालुक्यात. नवऱ्याची शिफ्ट असली की ती लेकीला ओढणीनं पाठीशी बांधून स्कूटीवर निघायची आणि वाटेत इथं डबा सोडायची.

बागेच्या तारेच्या कुंपणापलीकडं आप्पांचा झेंडू होता. कुंपणाला लागूनच त्यांच्या पाण्याच्या मोटारीची पत्र्याची खोली. बायको गेल्यापासून आप्पा शेतातच खोपीत राहायचे, एकटे. बागेच्या टाकीला पाणी तेच द्यायचे, न मागता.

त्या रविवारी नळ कोरडा होता आणि समृद्धीनं तहानेचा गळा काढला. आप्पा कुंपणातून आत आले. पायऱ्यांच्या तोंडाशी, टाकीच्या समोरच, चपला काढल्या आणि टाकीखालच्या बुटक्या खोलीत वाकून, अनवाणी शिरले. लोखंडी दार, जमिनीत निम्मी गेलेली खोली.

“चपला कशाला काढल्या आप्पा? काचबिच लागेल.”

“आत समदा चिखल. चप्पल भरती, मग पायरीवर घसारती,” आतून आवाज आला. त्यांनी व्हॉल्व फिरवला, नळ खोकला आणि पाणी आलं.

बाहेर आल्यावर त्यांनी मोटारीच्या खोलीकडं बोट केलं आणि ते वाक्य म्हटलं. पुढं म्हणाले, “पोरीला तिकडं फिरकू दिऊ नगा. ती आता मालकाला पण इचारत न्हाई.” मग आवाज खाली आणून, लाजऱ्यासारखं हसून, “पर हे गावात बोलू नगा हां. हसत्याल मला.”

म्हातारी मोटार, शॉक मारत असेल, असं हर्षदानं धरलं. “बरं आप्पा,” म्हणाली आणि घसरगुंडीकडं धावली. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

२

पुढच्या रविवारी बागेच्या फाटकाशी तिची चप्पल घोट्यापर्यंत चिखलात रुतली.

आप्पांच्या शेताकडून बागेत येणारी पायवाट पाण्याखाली होती. झेंडूच्या पहिल्या सरीतून पाणी बांध फोडून वाटेवर आलं होतं आणि फाटकाशी त्याचं तळं साचलं होतं. कुंपणापलीकडं मोटार धडधडत होती. समृद्धीला कडेवर घेऊन हर्षदा तशीच आत गेली आणि थबकली.

टेबलांवर एकही डबा उघडलेला नव्हता. सगळी माणसं पायऱ्यांच्या वर गोळा झाली होती. खाली पाण्यात दोन होड्या गळ टाकून फिरत होत्या.

“काय झालं मावशी?” तिनं धुरपदाबाईंना विचारलं. धुरपदाबाईंची फाटकाशी चहा-भज्यांची गाडी होती आणि बागेत पान हललं तरी त्यांना कळायचं.

“आप्पा गेलं गं बाई,” पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या. “सकाळी बाग उघडली तवा मीच बगितलं. पायरीवर नुसत्या चपला. माणूस न्हाई.”

हर्षदानं समृद्धीला छातीशी घट्ट धरलं. पायऱ्यांच्या तोंडाशी, हवालदारांनी खडूनं काढलेल्या गोलात, त्या चपला होत्या. ट्रकच्या टायरचा तळ, अंगठा तारेनं शिवलेला. एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या, टाचा पाण्याकडं.

“मागं व्हा, मागं व्हा! तमाशा आहे का हा?” सुदर्शन गर्दी हटवत होता. हा आप्पांचा पुतण्या. बागेचं कंत्राट त्याच्याकडं होतं. त्याच्या पांढऱ्या शर्टाची बगल घामानं काळवंडली होती. “साहेब, म्हातारा कंटाळलेलाच होता. काकी गेल्यापासून तसा एकटाच. आता काय बोलायचं?”

आप्पांचा मुलगा दत्ता सर्वांत खालच्या पायरीवर बसला होता, कंपनीच्या निळ्या गणवेशातच. तो कोणाकडंच बघत नव्हता.

हवालदार वहीत लिहीत होते. “शेवटचं कधी दिसले?”

“काल दिवस मावळेस्तोवर शेतावर हुतं की,” गर्दीतून दोघं-तिघं बोलले. “मोटार चालू हुती.”

“मग जे झालं ते त्यानंतर. रात्री किंवा पहाटे.” हवालदारांनी होडीवाल्यांना हात केला. “खाली बंधाऱ्याकडं बघा. एव्हाना प्रवाहानं तिकडं नेलं असेल.”

होड्या खालच्या अंगाला वळल्या. हर्षदाच्या मात्र मनात आठवड्यापूर्वीचं वाक्य उठून बसलं.

मालकाला पण इचारत न्हाई.

३

“मावशी, काल तुम्ही आप्पांना किती वाजता पाहिलंत?”

“अगं, मोटार चालू हुती सांजेपर्यंत.”

“ते ऐकलं. पाहिलं कधी?”

धुरपदाबाईंनी चहाचं पातेलं उगाच ढवळलं. “बगायला काय जायाचं? रोजचंच हाय. आप्पा हातानं मोटार सुरू करत्यात, तिथंच बसत्यात, आन् बंद करूनच उठत्यात. त्येंच्या मोटारीला दुसरं कुणी हात लावत न्हाई, आन् ते दुसऱ्याच्या लावत न्हाईत. मोटार चालू म्हंजी आप्पा हायेत. हे वाडीतलं शेंबडं पोर सांगंल. आज चालू हाय ती दत्तानं लावली असंल.”

“आणि दारं?”

“दाऱ्याचं काय इचारती? एका सरीचं पाणी दुसरीत फिरवायचं त्येंच्याकडनं शिकावं. दोन बोटं पाणी वाया जाऊ द्यायचे न्हाईत. परवा माजी घागर सांडली तर मला म्हनले, धुरपदा, नदी तुज्या बाची हाय का?” सांगता सांगता त्यांना हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

हर्षदानं फाटकाकडं पाहिलं. “मग हे तळं कधी साचलं?”

“काल. साहेब लोकांच्या गाड्या माज्या दारावरनं गेल्या, तेच्या मागनं लाइट आली आन् नदीकाठच्या समद्या मोटारी एकदम धडाडल्या. मग घटकाभरात पाणी वाटंवर.”

“कोण साहेब लोक?”

“तालुक्याचं. बागेची पाहणी हुती, बक्षिसासाठी. उन्हाच्या आत आले, चहा पिऊन गेले. तेवढ्यापायी सुदर्शननं काल बाग बंद ठिवली, माजी गाडी पण लावू दिली न्हाई. म्हने शोभत न्हाई.” त्या फणकारल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “आप्पा परवाच म्हनत हुते, साहेबाला हाताला धरून पायऱ्या दावतो. पुढं वाळूचा खड्डा हाय, पोरं बुडायची. साखळी लावा म्हनून घसा सुकला. सुदर्शन ऐकत न्हाई, साखळी लावली तर फोटो बिघडतो म्हनतो.”

“मम्मा,” समृद्धीनं तिचा कुर्ता ओढला. ती नळावर तोंड लावून आली होती, हनुवटी ओली. “नळ वाजतो.”

“बरं.”

“टक टक करतो. बघ ना!”

“समू, नळाला तोंड नाही लावायचं, किती वेळा सांगितलं? आणि हात सोडायचा नाही आज माझा.” हर्षदानं तिची हनुवटी ओढणीनं पुसली. तिचे डोळे मात्र खडूच्या गोलातल्या चपलांवर होते. तिनं स्वतःच्या पायांकडं पाहिलं. मग परत तिकडं.

तिची चप्पल चिखलानं लडबडलेली होती. तिथं जमलेल्या एकूण एक माणसाची होती. शेताकडून किंवा फाटकाकडून, कुठूनही आलं तरी त्या तळ्यातूनच यावं लागत होतं.

आप्पांच्या चपलांवर नुसती धूळ होती. कोरडी, पांढरी धूळ.

४

सुदर्शन घसरगुंडीच्या सावलीत फोन कानाला लावून उभा होता. पलीकडून कोणी बोलत नसावं. कारण हर्षदा जवळ येताच त्यानं ‘ठेवतो’ न म्हणताच फोन खिशात टाकला.

“दादा, दोन मिनिटं.”

“ताई, आज बाग बंद आहे. तुम्ही लहान मुलीला घेऊन अशा ठिकाणी... बरं दिसतं का?”

“नाही दिसत. लगेच निघते.” हर्षदाला भांडता येत नसे. दुकानात जास्त पैसे लावले तरी ती गप्प घरी यायची आणि रात्रभर मनातल्या मनात भांडायची. “आप्पा आंघोळीला उतरले असतील का?”

“असतील ना. नदीवरच करायचे.”

“मग कपडे?”

“अं?”

“आंघोळीला उतरलेला माणूस सदरा, टॉवेल काठावर ठेवतो. इथं नुसत्या चपला आहेत.”

सुदर्शननं ओठ चाटले. “मग आंघोळीला नसतील उतरले. मी मघाशी बोललो ना साहेबांना. कंटाळले होते. तुम्हाला आमच्या घरातलं काय माहीत?”

“काहीच नाही,” हर्षदा म्हणाली, आणि ते खरं होतं. “काल पाहणीला साहेब आले, तेव्हा आप्पा आले होते का भेटायला?”

“छे. आप्पा शेतावर होते. पाहणी चालू असताना मोटार धडधडत होती, साहेबांचं बोलणं ऐकू येईना. मीच त्यांना टेबलांकडं लांब नेलं.” तो झरझर बोलला आणि हसला. “आता झालं समाधान? का सीबीआय बोलावता?”

हर्षदानं समृद्धीचा हात आणखी घट्ट धरला. पोरगी “आऊ!” म्हणाली.

“पण दादा,” तिचा आवाज तिलाच बारीक वाटला, “लाइट तर साहेबांच्या गाड्या गेल्यावर आली.”

सुदर्शन हसायचा थांबला.

“मावशींनी गाड्या जाताना पाहिल्या. मग सगळ्या मोटारी सुरू झाल्या. लाइटच नव्हती तर आप्पांची मोटार कशी धडधडत होती?”

त्याची नजर गेली. नदीकडं नाही, शेताकडं नाही. क्षणभर दुसरीकडंच गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. हर्षदानं वळून पाहिलं तेव्हा त्या बाजूला माणूस नव्हता. नळ, टाकी आणि कुंपण, एवढंच होतं.

“मला साहेबांनी बोलावलंय,” म्हणून तो तरातरा निघून गेला.

५

दत्ताजवळ जायला तिला धीर होत नव्हता. ज्याचा बाप नदीत शोधत आहेत, त्याला काय विचारायचं? ती दोन पायऱ्या उतरली, समृद्धीला पाण्याच्या बाजूला ठेवायचं नाही म्हणून उलट्या कडेवर घेतलं, आणखी एक पायरी उतरली.

“दत्तादादा, मी हर्षदा. दर रविवारी येते. आप्पा माझ्या मुलीला पाणी सोडून द्यायचे.”

दत्तानं मान हलवली.

“काल तुमचं त्यांच्याशी बोलणं झालं होतं?”

“फोन लावला होता. उचलला नाही. आप्पांचा फोन खोपीतच टांगलेला असतो, उचलायचेच नाहीत कधी.” तो पाण्याकडं बघतच बोलत होता. “मला डबल शिफ्ट होती. नाहीतर मी आलो असतो. पण म्हटलं, आप्पा शेतावर आहेत, लोकांनी बघितलंय...”

“कोणी बघितलंय?”

“सगळ्यांनी. हवालदार म्हणाले, सांजेपर्यंत होते.”

“दादा, कोणी नाही बघितलं. मी विचारलं. सगळे म्हणतात, मोटार चालू होती. एवढंच.”

दत्तानं पहिल्यांदा तिच्याकडं तोंड वळवलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उमटत गेलं.

“मोटार...” तो म्हणाला. “मोटार तर मी...”

“तुम्ही?”

“मोबाईल स्टार्टर बसवलाय मी. पंधरवड्यापूर्वी. रात्रीच्या लाइटला आप्पा बॅटरी घेऊन निघायचे, अन् उसात बिबट्या आलाय. आप्पांना अजिबात पटलं नव्हतं. म्हणाले, मोटारीपर्यंत जाता येईना, एवढा म्हातारा झालोय का मी? गावाला कळू देऊ नकोस.” त्यानं खिशातून फोन काढला. “काल डबल शिफ्ट म्हणून मी अ‍ॅपवर आपोआप लावून ठेवलं. लाइट आली की सुरू, गेली की बंद. म्हटलं दारं धरायला आप्पा आहेतच.”

मालकाला पण इचारत न्हाई. हर्षदाला एकदम सगळं ऐकू आलं, आप्पांच्या आवाजात, त्या लाजऱ्या हसण्यासकट. ते मोटारीच्या शॉकबद्दल बोलत नव्हते. ते म्हणत होते, आवाज आला म्हणजे मी तिथं आहे असं धरू नका. त्यांनी तिला सांगितलं होतं. सबंध वाडीत फक्त तिला.

तोपर्यंत हवालदार आणि मागोमाग धुरपदाबाई खाली आल्या होत्या. “काय चाललंय?”

हर्षदाचे शब्द एकमेकांवर पडू लागले. “साहेब, आप्पा काल संध्याकाळी शेतावर नव्हते. मोटार फोनवर चालते. ते असते तर बांध फुटू दिला असता? पहिल्याच सरीत पाणी तुंबलंय, दुसरीत गेलंच नाही. म्हणजे दारं धरायला काल कोणी नव्हतंच. आणि त्यांच्या चपला बघा. तळ्यातून आले असते तर चिखल नको? धूळ आहे. म्हणजे ते पाणी वाटेवर यायच्या आधी इथं आले. लाइट यायच्या आधी. काल सकाळी, पाहणीच्या वेळी!”

“काल सकाळी इथं कोण होतं?” हवालदारांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना वर वळल्या. सुदर्शन पायऱ्यांच्या तोंडाशी उभा होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“मोटार फोनवर?” तो पुटपुटला. “म्हणजे काल... ती आप्पांनी नव्हती लावली?”

“मोटारीचं ऱ्हाऊ द्या साहेब,” धुरपदाबाई म्हणाल्या, “पर मग आप्पा हायेत कुठं? चपला काढून माणूस जातो कुठं?”

चपला काढून. पायऱ्यांच्या तोंडाशी, टाचा पाण्याकडं. म्हणजे काढणाऱ्याची पाठ नदीला होती. तो पाण्यात उतरत नव्हताच, तो नदीकडं पाठ करून चालला होता. आत समदा चिखल, चप्पल भरती.

टक टक करतो. बघ ना.

“दादा, मोटार बंद करा!” हर्षदा किंचाळली. “फोनवरून, आत्ता! मला ऐकायचंय!”

दत्तानं अंगठा दाबला.

६

धडधड थांबली. आदल्या सकाळपासून, मधली एक रात्र सोडली तर, जो आवाज सगळ्यांच्या कानात होता तो एकदम गेला. होडीतल्या माणसांनीही वल्ही धरून वर पाहिलं. चिंचेवर एक कावळा ओरडला. मग काहीच नाही.

मग आलं. टक. टक. थांबून, दमून, पुन्हा टक. नळाच्या पाइपातून.

“मी म्हटलं होतं!” समृद्धी म्हणाली.

सर्वांत आधी सुदर्शनच धावला. टाकीखालच्या लोखंडी दाराची बाहेरची कडी त्यानं दोन्ही हातांनी ओढली आणि दार उघडताच तिथंच गुडघ्यांवर बसला. दत्ता त्याच्यावरून आत शिरला.

आप्पा भिंतीला टेकून चिखलात बसले होते. हातात पाना. डावा पाय घोट्यापाशी भोपळ्यासारखा सुजलेला. ओठ फाटलेले. गळक्या व्हॉल्वखाली ओंजळ धरून ते पाणी प्यायले होते, त्यावरच तग धरला होता. उजेडानं त्यांचे डोळे मिटले. दत्तानं त्यांना उचलून बाहेर आणलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कुंपणाकडं कान दिला.

“बंद केली का?” ते कसेबसे म्हणाले. “पैली सरी कुजली असंल. पाडव्याचा माल हुता.”

दत्ता हसला आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागला.

“तासाभरासाठी, आप्पा,” सुदर्शन मातीत बघत बोलत होता. “साहेबांपुढं तुम्ही साखळीचं काढलं असतं. म्हणून व्हॉल्व गळतोय असं सांगून आत पाठवलं अन् कडी घातली. त्यांना हायवेपर्यंत पोचवून मी परत आलो. देवाशपथ आलो. फाटकातच मोटार ऐकली. म्हटलं, कुणीतरी कडी काढली, आप्पा सुटले, मोटारीवर जाऊन बसले. आता समोर गेलो तर शिव्या खाव्या लागतील. म्हणून तिथनंच फिरलो.”

“दार बघायला दहा पावलं हुती,” धुरपदाबाई म्हणाल्या.

“मोटार चालू होती, मावशी!”

“अन् आज सकाळी?” हवालदारांनी विचारलं.

“आज चपला दिसल्या. वाटलं, माझ्या वागण्यानं जीव दिला. भ्यालो.”

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते दत्ताच्या मांडीवर डोकं टेकून, छताकडं बघावं तसं वर चिंचेकडं बघत म्हणाले, “आत पाय घसारला, पडलो. तरी भ्यालो न्हाई. म्हनलं, कुणीतरी हाक मारंल. मग मोटार सुरू झाली. तवा मात्र भ्यालो. म्हनलं, जालिंदर, आता तुला हुडकाया कुणी यायचं न्हाई. तू तर मोटारीवर बसलायस.”

अँब्युलन्सचा आवाज वाडीच्या बाजूनं येऊ लागला.

समृद्धी अजून नळाला कान लावून उभी होती. “ही पोरगी कुणाची?” दिपलेले डोळे बारीक करून आप्पांनी विचारलं. “नळाला कान लावनारी?”

“माझी, आप्पा,” हर्षदा म्हणाली. “तुम्ही मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

“व्हय, पर सांगनारा बी मीच लाजत लाजत बोललो,” आप्पा म्हणाले. “नीट सांगायला पायजे हुतं.”

७

आप्पांचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि आता निघाला आहे. सुदर्शनची केस चालू आहे, कंत्राट गेलं आहे. पायऱ्यांना साखळी लागली, लाल रंगाची, फोटोत चांगली दिसते. दत्तानं बापाला कारेगावला नेलं होतं, पण आप्पा पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहून एक दिवस म्हणाले, “इथनं मला कुणाचीच मोटार ऐकू येत न्हाई,” आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं परत शेतावर. खोपीत, एकटे. दत्ता परत डबल शिफ्टला. मोबाईल स्टार्टर आहे तिथंच आहे, कारण बिबट्याही आहे तिथंच आहे.

त्यानंतर हर्षदा प्रत्येक रविवारी जायची. डबा उघडायच्या आधी कुंपणापाशी जाऊन हाक मारायची. आप्पा पलीकडून ओरडायचे, “हाय गं बाई, हाय, हजेरी लाव!” मग तिच्या घशाखाली घास उतरायचा.

पण आता तिला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत आणि डॉक्टरांनी स्कूटी बंद करायला लावली आहे. धुरपदाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत, गाडी बंद आहे. दत्ता फोन लावतो, फोन खोपीत वाजत राहतो. काल दत्ताच्या अ‍ॅपवर ‘चालू’ दिसत होतं. हर्षदानं ते ऐकलं आणि तिला रात्रभर झोप आली नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडं एक मागणं आहे. वडगाव रासाईवरून नदीकडं उतरलात, किंवा पलीकडच्या काठानं दौंडकडं चालला असाल, तर जरा वाट वाकडी करा. बागेच्या कुंपणापाशी उभे राहा. मोटारीचा आवाज येईल, झेंडू हिरवागार दिसेल, सगळं ठीक वाटेल. तेवढ्यावर परत फिरू नका. पायऱ्यांशी टायरच्या चपला दिसल्या तर टाकीखालचं दार उघडून बघा. नसल्या तर खोपीकडं तोंड करून मोठ्यानं “आप्पा” म्हणून हाक मारा.

ओ आली तरच पुढं जा.